पाच घडीचे चाकू, एकच धार-कोन : तुलनेच्या नोंदी, नाशिक

१४ जून २०२५

संच ठरला. ख्रिस रीव्हचा मोठा सेबेन्झा ३१, पाते एस४५व्हीएन पोलादाचे. स्पायडर्कोचा पॅरामिलिटरी २, तोही एस४५व्हीएन. बेंचमेडचा बगआउट ५३५, एस३०व्ही. चौथा टायटॅनियमच्या मुठीचा, बॉल बेअरिंगवर फिरणारा फ्लिपर (पात्याचा कान बोटाने दाबून उघडायचा चाकू), पाते एम३९० पोलादाचे. त्यात दोष दिसले आहेत, म्हणून कंपनीचे नाव लिहीत नाही. पुढे तो फक्त ‘चौथा’. पाचवा ओपिनेल ८, साध्या कार्बन पोलादाचा.

ओपिनेल मुद्दाम घेतला. महाग चाकू एकमेकांशीच ताडले तर सगळेच उत्तम वाटतात. १८९०पासून फ्रान्सच्या सव्हॉय भागात बनणारा हा चाकू म्हणजे बीच लाकडाची मूठ, पातळ पाते आणि ते अडवण्यासाठी फिरवायचे एक पोलादी कडे. सेबेन्झाची अमेरिकेतली किंमत ४०० डॉलरच्या वर आहे. तो ओपिनेलपेक्षा नेमका कशात सरस आहे, हे या साध्या चाकूशेजारी ठेवल्यावरच कळते.

सेबेन्झा आणि पॅरामिलिटरी एकाच पोलादाचे आहेत, तेही ठरवून. पोलाद तेच, पण पाते घासण्याची तऱ्हा वेगळी. सेबेन्झाचे पाते दोन्ही बाजूंनी खोलगट (हॉलो), पॅरामिलिटरीचे पाठीपासून धारेपर्यंत सपाट (फ्लॅट). दोघांत फरक निघाला तर तो पोलादाच्या माथी मारता येणार नाही.

नियम एकच: कारखान्यातून आलेल्या धारेवर कोणताही निष्कर्ष काढायचा नाही. पाचही पाती प्रत्येक बाजूला १७ अंशांवर आणायची आणि मगच कापून बघायचे.

१६ जून २०२५

अस्सल की नक्कल, याची तपासणी आधी. सेबेन्झा आणि पॅरामिलिटरी या दोघांच्या नकला बाजारात भरपूर फिरतात. पॅरामिलिटरीच्या पात्यावर ‘गोल्डन, कोलोरॅडो, यूएसए, अर्थ’ असे कोरलेले असते, पण अक्षरे नक्कल करणारेही कोरतात. सेबेन्झाबरोबर तयार झाल्याची तारीख लिहिलेले कार्ड येते. जुना चाकू घेताना ते मागून घ्यावे, आणि ते आहे म्हणून पुढची तपासणी टाळू नये.

धातू मात्र खोटे बोलत नाही. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही, पण काही स्टेनलेसही चिकटत नाहीत, म्हणून घनता काढली. सेबेन्झाची मूठ सुटी करून एक बाजू तोलली: ४१.२ ग्रॅम. मग ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर घेतला आणि ती पट्टी दोऱ्याने पाण्यात लोंबती सोडली, तळाला किंवा काचेला न लागू देता. काट्यावर ९.३ ग्रॅम दिसले, म्हणजे आकारमान ९.३ घनसेंटीमीटर. भागाकार ४.४३. ग्रेड ५ टायटॅनियमची (६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम) घनता हीच. पोलाद असते तर ७.८च्या आसपास आले असते. पट्टीला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकारमान जास्त दिसते आणि घनता कमी येते. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे सुटतात.

पात्याचा कठीणपणा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे रॉकवेल यंत्रावर बघावा, असा विचार होता. तो सोडला. रॉकवेल ‘सी’मध्ये १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने रुततो आणि खड्डा कायमचा राहतो. शिवाय पाते निमुळते असल्याने खालून नीट टेकत नाही आणि आकडा चुकतो. खड्डाही पडायचा आणि आकड्यावर विश्वासही ठेवता यायचा नाही.

२२ जून २०२५

धारेचा कोन मोजायला लेसर वापरला. चाकू धार लेसरकडे करून शिकंज्यात धरायचा. किरण धारेच्या मध्यावर पडला की दोन्ही उतारांवरून परावर्तित होऊन मागच्या पडद्यावर दोन ठिपके पडतात. उताराचा कोन १७ अंश असेल तर किरण ३४ अंशांनी, म्हणजे दुपटीने वळतो. पडदा धारेपासून ३०० मिलिमीटरवर ठेवला की मधल्या रेघेपासून ठिपक्याचे अंतर असे येते: १५ अंशांना १७३ मिमी, १७ला २०२, २०ला २५२, २२ला २९०. कार्डबोर्डवर या खुणा एकदा करून ठेवल्या की काम झाले. डोळा किरणाच्या पातळीत आणू नये आणि पात्याच्या चकचकीत बाजूकडे वाकून बघू नये.

पाते किंचित तिरके धरले गेले तर एका बाजूचा कोन वाढतो, दुसरीचा तितकाच घटतो. दोन्हींची बेरीज बरोबर राहते, पण धार एकीकडे झुकलेली आहे असा खोटा निकाल निघतो. उपाय असा: मोठ्या उतारावरून (पाठीकडून धारेकडे निमुळत्या होणाऱ्या पात्याच्या बाजूवरून) येणारे फिकट ठिपके मधल्या रेघेच्या अगदी जवळ पडतात. ते दोन्हीकडे सारख्या अंतरावर येईपर्यंत चाकू हलवायचा, मगच धारेचे ठिपके वाचायचे. ठिपक्याऐवजी लांबट पट्टा दिसला तर धारेचा उतार गोलसर आहे असे समजावे.

पाचपैकी दोन चाकूंच्या दोन बाजूंत ३ अंशांहून अधिक फरक निघाला. एका महाग चाकूची एक बाजू २२ अंशांची होती. अशा धारेवरून ‘हे पोलाद चांगले, ते वाईट’ म्हणणे म्हणजे न सोललेला ऊस चावून गुऱ्हाळाची परीक्षा करणे.

२९ जून २०२५

धारेमागची जाडी. धारेचा उतार जिथे संपतो आणि मोठा उतार सुरू होतो, त्या खांद्यावर मोजायची. व्हर्निअरचे जबडे उघडे ठेवून धारेच्या बाजूने खांद्यापर्यंत न्यायचे आणि तिथेच हलके मिटायचे. मिटलेले जबडे धारेवरून ओढले तर जबड्यालाही ओरखडा आणि धारेलाही. प्रत्येक पात्यावर टाच (धारेचा मुठीजवळचा भाग), मध्य आणि टोकाआधी १५ मिमी अशा तीन जागा, त्यांची सरासरी:

ओपिनेल ०.२५ मिमी, बगआउट ०.४४, सेबेन्झा ०.५०, पॅरामिलिटरी ०.५१, चौथा ०.६५.

पाठीची जाडी हा वेगळा आकडा. बगआउटचे पाते २.३ मिमी जाड, पॅरामिलिटरीचे साडेतीनच्या वर. जाहिरातीत पाठीचा आकडा छापतात, धारेमागचा जवळपास कुणीच छापत नाही.

५ आणि ६ जुलै २०२५

धार लावली. हात फिरवून कोन सांभाळण्याची सवय असली तरी तुलनेसाठी क्लॅम्प आणि सळईवर चालणारे साधनच घ्यावे. त्यावर हिऱ्याच्या पट्ट्या ४००, ८०० आणि १५०० ग्रिटच्या (आकडा मोठा तितके कण बारीक), शेवटी चामड्यावर १ मायक्रॉन हिऱ्याची पेस्ट.

हिराच का? आपल्याकडचा नेहमीचा निसणा कुरुंदाचा, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा. ओपिनेलला तो उत्तम. पण एस३०व्हीमध्ये ४ टक्के व्हॅनेडियम आहे, एस४५व्हीएनमध्ये ३ टक्के आणि जोडीला अर्धा टक्का नायोबियम. व्हॅनेडियम कार्बाइडचे कण कुरुंदापेक्षा कठीण असतात. बारीक कुरुंदावर मधले पोलाद झिजते, कण तसेच राहतात किंवा उपटून निघतात. धार चकाकते पण कापत नाही. ‘हे पोलाद धारच घेत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा दगडाची असते, पोलादाची नाही.

क्रम असा. उतारावर परमनंट मार्करने शाई फासली. डिजिटल कोनमापक सळईवर ठेवून १७ अंश लावले. ४०० ग्रिटचे दोन-तीन हलके फटके मारून शाई कुठे गेली ते टाच, मध्य, टोक अशा तिन्ही जागी पाहिले. टोकाकडे धार क्लॅम्पपासून लांब जाते, त्यामुळे तिथला कोन कमी होतो. पॅरामिलिटरीवर दीड अंशाचा फरक आला. क्लॅम्पची पकड पात्यावर टोकाच्या दिशेने १० मिमी सरकवली तेव्हा तो अर्ध्या अंशावर आला. सपाट घासलेले पाते क्लॅम्पमध्ये हमखास एका बाजूला झुकते. दोन्ही बाजूंना चामड्याची पातळ चकती घातली की नीट बसते.

४०० ग्रिटवर एका बाजूला काम करत राहायचे, दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीवर बर (घासताना पलीकडे वळलेली धातूची बारीक कड) जाणवेपर्यंत. टाचेपाशी बर आला नसेल तर पुढे जायचे नाही. पुढचा ग्रिट ही उणीव भरून काढत नाही, नुसती झाकतो. ४००च्या पट्टीवर लागलेला वेळ: ओपिनेल ६ मिनिटे, बगआउट २०, एस४५व्हीएनचे दोन्ही साधारण २५, चौथा ४०. चौथ्याला इतका वेळ लागला याचे कारण एकटे एम३९० नव्हे. ०.६५ मिमी जाडीला १७ अंशांवर उताराची रुंदी १.११ मिमी येते, ओपिनेलला ०.४३. घासायचे धातूच अडीचपट रुंदीवर.

८०० आणि १५००वर दाब निम्म्याने कमी करत गेलो. शेवटचे दहा फटके एकेक बाजू बदलत, पट्टीच्या स्वतःच्या वजनावर. बर पूर्ण गेला की नाही हे बोटाने कळत नाही. टॉर्चचा उजेड धारेवर तिरका टाकायचा. कुठेही चमकणारी रेघ दिसली तर तिथे बर शिल्लक आहे. चामड्यावर प्रत्येक बाजूला दहा वेळा, बस. जास्त ओढले की चामडे दबून धारेला वळसा घालते आणि १७ अंशांचे २० होतात.

सायकलच्या साणेवर धार लावून देणाऱ्यांकडे हे चाकू अजिबात देऊ नयेत. त्यांचे कसब विळी-कोयत्यासाठी आहे. कोरड्या साणेवर इतकी पातळ धार क्षणात तापते. निळी छटा दिसली म्हणजे धार किमान ३०० अंशांच्या आसपास गेली आणि तिथले पाणी (पोलादाला दिलेला कठीणपणा) उतरले.

१३ जुलै २०२५

आठवडाभर झड. ओपिनेल उघडेना. मूठ लाकडाची, दमट हवेत खाच फुगते आणि पाते आवळले जाते. नखाने ओढत बसू नये, नख तुटते किंवा पाते एकदम सुटते. मुठीचा मागचा टोकदार भाग लाकडी फळीवर ठोकला की पाते थोडे बाहेर येते. सव्हॉयचे लोक हेच करतात. कडे आधी उघड्या स्थितीत फिरवून घ्यायला विसरू नये. हे कडे १९५५मध्ये आले. त्याआधीच्या ओपिनेलला लॉकच नव्हते.

कायमचा उपाय: कोरड्या दिवशी ४०० नंबरचा पॉलिश पेपर एका पट्टीवर गुंडाळून खाचेच्या आतल्या भिंती हलक्या घासल्या, मग हेअर ड्रायरने सांधा गरम करून त्यात मेण मुरवले. जवसाचे तेलही चालते, पण पावसाळ्यात ते सुकायला आठवडे घेते.

२० जुलै २०२५

लॉक आणि सांधा. महाग चाकूत पैसा सर्वांत जास्त इथे लागलेला असतो, म्हणून सगळ्यांत जास्त वेळ इथेच दिला.

आधी पाते हलते का ते बघायचे, आणि कोणत्या दिशेने. डावी-उजवीकडे हलत असेल तर सांध्याचा स्क्रू ढिला आहे. एका वेळी आठवा भाग फेरा आवळावा. वर-खाली हलत असेल तर स्क्रू आवळून काही होत नाही. तो दोष लॉकच्या टेकण्याचा किंवा अडवणाऱ्या पिनचा. या दोन्हींत गल्लत करून लोक स्क्रू आवळत जातात, पाते जड होते आणि खेळ तसाच राहतो.

सेबेन्झा इथे खरोखर वेगळा आहे. सांध्यात नळीसारखे बुशिंग आहे आणि दोन्ही बाजूंना फॉस्फर ब्राँझचे वॉशर. स्क्रू पूर्ण आवळायचा. पाते किती मोकळे राहील हे बुशिंगची लांबी ठरवते, आपला हात नाही. बुशिंग, वॉशर आणि पात्याची जाडी यांचा मेळ अगदी बारीक मापात बसला तरच हे जमते. खोलून, पुसून, पुन्हा जोडून तीन वेळा पाहिले: तिन्ही वेळा पात्याची चाल तीच, खेळ शून्य. हे यश मापांचे आहे आणि किमतीतला मोठा वाटा त्याचाच. एका बाजूच्या मुठीचाच भाग स्प्रिंग होऊन पात्यामागे बसतो ते फ्रेमलॉक ख्रिस रीव्हनेच आणले. सेबेन्झा ३१मध्ये लॉकच्या टोकाला सिरॅमिकची गोळी आहे; तीच पात्याला टेकते आणि तीच चाकू बंद असताना पाते धरून ठेवते. टायटॅनियम पोलादावर थेट घासतच नाही.

चौथ्यात नेमके हेच बिघडले होते. त्याच्या लॉकचे टायटॅनियम सरळ पात्यावर टेकते. उघडल्यावर लॉक चिकटतो, अंगठ्याने ढकलताना ‘टक्’ असा आवाज येतो. पात्याच्या टेकणीवर मार्करची शाई लावून पाच वेळा उघड-मीट केली. शाई वरच्या बाजूला, सांध्याजवळ पुसली गेली होती. ती सांध्यापासून लांबच्या, खालच्या भागात पुसायला हवी. वर टेकला की पाते उलटायला जागा मिळते. म्हणजे चिकटणे आणि वर-खाली खेळ, दोन्हींचे मूळ एकच. टेकणीवर शिसपेन्सिल घासली तर चिकटणे आठवडाभर थांबते, पण तो निदानाचा पुरावा, दुरुस्ती नव्हे. कानस लावू नये. धातू जरा जास्त गेला की लॉक पलीकडच्या पट्टीपर्यंत सरकतो आणि चाकू कायमचा निकामी होतो. विक्रेत्याकडे परत पाठवण्याच्या लायकीचा हा दोष.

पॅरामिलिटरीचा कॉम्प्रेशन लॉक पाठीच्या बाजूला असल्याने बंद करताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही. बगआउटच्या ॲक्सिस लॉकमध्ये आडवी सळई असते, तिला दोन्ही बाजूंनी ओमेगा आकाराच्या बारीक स्प्रिंगा. खोलताना हात पारदर्शक पिशवीत घालून खोलावे. स्प्रिंग उडाली तर सापडत नाही.

स्क्रू सुटत नसेल तर जोर करू नये, टॉर्क्सचे (सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे) तोंड गोल होते. सोल्डरिंगचे टोक स्क्रूच्या डोक्यावर २०-३० सेकंद ठेवले की लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) मऊ पडते. परत लावताना जांभळे २२२, सुईच्या टोकाएवढे, तेही फक्त आट्यांना. वॉशरवर गेले तर पाते जाम. पात्याची पाठ टेबलावर आपटून लॉक तपासण्याची पद्धत चुकीची आहे. त्या धक्क्याने चांगल्या लॉकचीही टेकणी दबते.

२ ते १७ ऑगस्ट २०२५

कापून पाहिले. तीन-प्लायचे कोरुगेटेड शीट, सगळे एकाच लॉटचे, दोन दिवस एकाच खोलीत ठेवलेले; ओल धरलेला पुठ्ठा वेगळाच कापला जातो. प्रत्येक काप ३०० मिमी, नाळ्यांना आडवा. २०० काप म्हणजे ६० मीटर. पात्याचा तोच ४० मिमी भाग वापरला.

तीक्ष्णता मोजायला ०.२५ मिमी तंगूस. यू आकाराच्या लाकडी ठोकळ्यावरून ती टाकून दोन्ही टोकांना १००-१०० ग्रॅमची वजने बांधली, ठोकळा स्वयंपाकघरातल्या काट्यावर. पाते सावकाश दाबायचे, तंगूस तुटते त्या क्षणाचा आकडा घ्यायचा. काट्याचा आकडा सेकंदात दोन-तीनदाच बदलतो, म्हणून मोबाइलवर चित्रण करून नंतर वाचला. पाच वाचनांची सरासरी, फेऱ्या दोन.

सुरुवातीला पाचही १६० ते १९० ग्रॅममध्ये. २०० कापांनंतर ओपिनेल ४५५, बगआउट ३००, सेबेन्झा २७५, पॅरामिलिटरी २७०, चौथा २६५. या पद्धतीत २०-२५ ग्रॅम इकडेतिकडे होतातच, तेव्हा शेवटचे तिघे सारखेच समजावेत. एस४५व्हीएन आणि एम३९० यांच्यात धार टिकण्याचा फरक इथे दिसला नाही. साध्या कार्बन पोलादाशी फरक मात्र ठळक आहे.

मग गाजर. ३० मिमी जाडीचा तुकडा काट्यावर ठेवून सरळ दाबून कापला. ताज्या धारेला लागलेले बळ: ओपिनेल १.१ किलो, बगआउट १.६, सेबेन्झा २.२, पॅरामिलिटरी २.३, चौथा ३.१, चौथ्याने कापले नाहीच, अर्ध्यातून फोडले. २०० काप करून बोथटलेला ओपिनेल पुन्हा गाजरावर लावला: १.५ किलो. बोथट ओपिनेल ताज्या धारेच्या एम३९०च्या निम्म्या जोरात गेला. पुठ्ठ्यात पोलाद बोलते, गाजरात जाडी. सेबेन्झाचे खोलगट पाते पहिल्या १० मिमीत पॅरामिलिटरीपेक्षा हलके जाते, पुढे जाड भाग आत शिरला की अडते. म्हणून दोघांची बेरीज जवळपास सारखी.

७ सप्टेंबर २०२५

चौथा विक्रेत्याने परत घेतला नाही, तेव्हा त्याचे पाते पातळ केले. २०० ग्रिटच्या हिऱ्याच्या पट्टीवर, पाणी मारत, ९ अंशांवर मागचा उतार उतरवला. सव्वातीन तास लागले. धारेमागे ०.६५चे ०.४० मिमी झाले. पुन्हा १७ अंशांची धार. गाजराला आता १.९ किलो, आणि फुटत नाही. पोलाद तेच, पाणी तेच. संग्रह म्हणून किंमत उतरली, कारण मूळचा पोत गेला. सेबेन्झावर असे काही करणार नाही.

बाळगण्याबद्दल. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते परवान्याच्या कक्षेत येते. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापराची हत्यारे वगळून. यातले सर्वांत लांब पाते सेबेन्झाचे, ९२ मिमीच्या आत. तरी सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) खाली शहरात शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यात चाकूही येतो. त्या काळात हे चाकू घरातच ठेवावेत.

१ ऑक्टोबर २०२५

खंडेनवमी. पाचही चाकू पूजेत. एक सूचना दरवर्षी लागू: ओले फूल पात्यावर ठेवू नये, मुठीजवळ ठेवावे. ओपिनेलवर झेंडूच्या देठाखाली दोन तासांत तांबूस डाग पडला. हळद-कुंकू मुठीला लावावे, पात्याला लावलेच तर पूजा झाल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवावा. डाग १५००च्या पट्टीने गेला. मग पाते कोमट व्हिनेगरमध्ये २० मिनिटे बुडवून, धुऊन, काळसर करून घेतले. हा थर घट्ट असतो, गंजासारखा पापुद्र्याने सुटत नाही.

१६ नोव्हेंबर २०२५

सकाळी बगआउट जड उघडला. कारण सापडले: साफसफाईनंतर सांध्यात खोबरेल गेले होते. २४ अंशांखाली ते थिजते, आणि नाशिकच्या थंडीत सकाळचे तापमान त्याच्या कितीतरी खाली असते. शिवाय काही महिन्यांत ते खवट आणि चिकट होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सांधा धुतला आणि मेडिकलमधले लिक्विड पॅराफिन प्रत्येक वॉशरला एक थेंब दिले. ते थिजत नाही, खवट होत नाही आणि फळ कापले तरी पोटात जाण्याची भीती नाही. चौथ्याच्या बेअरिंगला तेलही अगदी कमी; जास्त झाले की धूळ धरते आणि गोळ्यांच्या वाटेत तिची खळ होते.

पाचही चाकू चामड्याच्या म्यानातून काढून सुती कापडात गुंडाळले. चामडे ओल धरते, आणि त्यातल्या कमावणीच्या द्रव्यांनी पात्यावर ठिपके पडतात. डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेल, निळे ते गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून परत निळे करायचे. पुढची तपासणी मार्चमध्ये, तंगूस आणि लेसर दोन्ही.